टॅलेंट शोच्या मंचावर परदेशी स्पर्धक : वाचकांचे प्रश्न

राष्ट्रीय वाहिन्यांवरच्या टॅलेंट शोमध्ये दुसऱ्या देशांतल्या कलाकारांना उतरू द्यावे का, या विषयावर बरीच पत्रे आली. काहींत राग आहे, तर काहींत स्वतःच परदेशी शोमध्ये जाण्याची तयारी आहे. निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : शो एका देशाचा, प्रेक्षक त्या देशाचे, जाहिरातींचे पैसेही तिथलेच. मग बाहेरून तयार संच यायचा आणि ट्रॉफी घेऊन जायचा, हा कसला न्याय? तिथल्या होतकरू मुलांनी जायचे कुठे? परदेशी स्पर्धकांना सरळ बंदी घालावी, असे माझे मत आहे.
— एक नियमित प्रेक्षक

उत्तर : बंदी घालू नये, असे आमचे मत आहे. पण तुमच्या रागाला एक खरे कारण आहे, त्याकडे येतोच.

आधी प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' २००७ मध्ये सुरू झाले आणि २०२५ पर्यंत त्याची १८ पर्वे झाली. २०१३ मध्ये हंगेरीचा 'अ‍ॅट्रॅक्शन' हा छायानाट्य करणारा संच जिंकला आणि तिथे हाच वाद पेटला. २०२३ मध्ये व्हिगो वेन हा नॉर्वेचा विनोदवीर जिंकला, पण तो ब्रिटनमध्ये राहून तिथल्याच मंचांवर काम करणारा माणूस. उलट २०१५ ची विजेती ज्यूल्स ओ'ड्वायर ब्रिटिश, पण राहायला बेल्जियममध्ये. आता यांतले परके कोण? पासपोर्ट पाहिला तर वेन बाहेर पडतो, वास्तव्य पाहिले तर ओ'ड्वायर. दोन्ही कसोट्यांवर निखळ परदेशी ठरलेला विजेता १८ पर्वांत एकच. स्थानिकांची जागा परदेशी लोक गिळतात, हे चित्र त्यामुळे टिकत नाही.

'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये २०१५ साली इंग्लंडचा शब्दभ्रमकार पॉल झर्डिन जिंकला, तर २०२२ मध्ये लेबनॉनच्या तरुणींचा 'मय्यास' हा नृत्यसंच. मुंबईचा 'व्ही. अनबीटेबल' २०१९ मध्ये याच शोच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि २०२० मध्ये त्याच मालिकेतली विजेत्यांची स्पर्धा त्याने जिंकली. तेव्हा आपण घराघरांत टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खऱ्या मानायच्या असतील, तर दुसऱ्याच्या संचाला आपल्या मंचावर मज्जाव करण्याची मागणी आपल्याला शोभत नाही.

आता तुमच्या रागातला रास्त भाग. अशा शोला सहसा दोन दारे असतात. एका दाराशी हजारो लोक ऑडिशनच्या रांगेत उभे असतात. दुसऱ्या दारातून कास्टिंगची माणसे इतर देशांतले विजेते, सर्कस महोत्सवांतले कसलेले कलाकार आणि गाजलेले व्हिडिओ शोधून थेट आमंत्रण देतात. 'मय्यास' अमेरिकेत गेला त्याआधी, २०१९ मध्ये, 'अरब्स गॉट टॅलेंट' जिंकून बसला होता. त्यात गैर काहीच नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा आमंत्रित व्यावसायिक संच पडद्यावर 'आम्ही स्वप्न घेऊन आलो' अशा सुरात दाखवला जातो आणि रांगेतून आलेला शाळकरी मुलगा त्याच्यासमोर उभा केला जातो. प्रेक्षकाला दोघांची पार्श्वभूमी कळली पाहिजे. ती लपवली की मतदान फसवे ठरते.

याचा सर्वांत ठळक धडा परदेशी स्पर्धकामुळे मिळालेलाच नाही. श्वानप्रशिक्षक ओ'ड्वायर जिंकली त्या २०१५ च्या 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'च्या अंतिम फेरीत दोरीवरून चालणारा कुत्रा हा तिचा नेहमीचा मॅटिस नव्हता, चेस नावाचा दुसरा कुत्रा होता, आणि मत देणाऱ्यांना हे स्पष्ट सांगितले गेले नव्हते. प्रसारण नियामक ऑफकॉमने प्रेक्षकांची दिशाभूल झाल्याचा निर्णय दिला आणि वाहिनीला मतदारांना पैसे परत देऊ करावे लागले. विजेतीच्या नागरिकत्वाचा त्यात काही संबंध नव्हता.

प्रश्न : काही शोमध्ये परदेशी चालतात, काहींमध्ये अजिबात नाही. हे वाहिनीच्या मर्जीवर असते का?

उत्तर : मर्जी असतेच, पण तिच्यामागे व्यवहार असतो. बक्षीस काय आहे ते पाहिले की नियम कळतो.

'अमेरिकन आयडॉल' आणि 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' एकाच देशातले शो. पहिल्यात स्पर्धकाला अमेरिकेत कायदेशीररीत्या काम करण्याचा हक्क असावा लागतो, कारण जिंकल्यावर त्याने तिथेच राहून ध्वनिमुद्रणे आणि दौरे करायचे असतात. दुसऱ्यात जादूगार, कसरतपटू, नर्तक, श्वानप्रशिक्षक असे सगळे येतात. तीन मिनिटांत थक्क करणारा ॲक्ट हाच तिथला माल, म्हणून दार जगाला उघडे.

तिसरा प्रकार प्रतिनिधित्वाचा. स्वीडनची 'मेलोडीफेस्टिव्हालेन' ही स्पर्धा युरोव्हिजन या देशादेशांतल्या गीतस्पर्धेसाठी स्वीडनचा प्रतिनिधी निवडते. २०२५ मध्ये ती 'काय' (KAJ) या त्रिकुटाने जिंकली. हे तिघे फिनलंडचे, तिथल्या स्वीडिश बोलणाऱ्या समाजातले. त्यांनी स्वीडनच्या वतीने गायले आणि युरोव्हिजनमध्ये चौथा क्रमांक मिळवला. त्याही आधी, १९८८ मध्ये, कॅनडाच्या सेलीन डिऑनने स्वित्झर्लंडसाठी गाऊन युरोव्हिजन जिंकले होते, कारण युरोव्हिजनच्या मूळ नियमांत गायकाच्या नागरिकत्वाची अटच नाही. प्रत्येक देशाची वाहिनी आपली अट आपण ठरवते.

चौथा प्रकार चीनमधल्या 'सिंगर'चा. तिथे मुळातच नावाजलेले गायक बोलावतात. २०१७ मध्ये कझाकस्तानचा दिमाश कुदाइबेर्गेन उपविजेता झाला, २०१८ मध्ये इंग्लंडची जेसी जे जिंकली. २०२४ च्या थेट प्रक्षेपणात परदेशी गायिका इतक्या भक्कम गायल्या की घरच्या गायकांच्या तयारीवर देशभर चर्चा झाली. शेवटी चीनचीच ना यिंग जिंकली. ही चर्चा तिथल्या गायनासाठी उपकारकच होती, असे आम्हाला वाटते. ज्या शोमध्ये सगळेच आमंत्रित आणि सगळेच व्यावसायिक, तिथे परदेशी असण्याने अन्याय होण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : परदेशी दिसणाऱ्या स्पर्धकांना शोमध्ये घेऊन मुद्दाम मते ओढली जातात, हे खरे ना?

उत्तर : 'दिसणाऱ्या' हा निकष सोडून द्या, ही कळकळीची विनंती. २००७ च्या 'इंडियन आयडॉल'मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग जिंकला आणि धनबादला जन्मलेला मेयांग चांगही त्याच पर्वात होता. दोघेही भारतीय. तरीही चेहऱ्यावरून त्यांना परके ठरवणारे लोक होते. तमांगबद्दल रेडिओवर झालेल्या एका शेरेबाजीनंतर सिलीगुडीत हिंसाचार उसळला होता. स्पर्धक परदेशी आहे की नाही हे कागदपत्रे सांगतात, चेहरा नाही.

प्रश्न : मी नृत्यशिक्षिका आहे. आमच्या २४ जणांच्या कसरती-नृत्यसंचाला अमेरिकेतल्या एका टॅलेंट शोकडून विचारणा आली आहे. तयारी कुठून सुरू करू? ते म्हणतात, 'व्हिडिओ पाठवा, बाकी आम्ही बघू.'

उत्तर : ताई, 'बाकी आम्ही बघू' हे लेखी घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. विमानभाडे, मुक्काम, जेवण, व्हिसाचा वकील, अपघात विमा आणि पहिल्याच फेरीत बाद झाल्यास परतीचे तिकीट, या प्रत्येक खर्चापुढे तो कोण करणार याचे नाव हवे. विम्यात 'स्टंट' वगळलेला नाही ना, हे स्वतः वाचा. बहुतेक साध्या प्रवास विम्यांत तो वगळलेला असतो आणि हे मनगट मोडल्यावर लक्षात येते.

व्हिसा. हौशी व्यक्तीने, मोबदला न घेता, एखाद्या संगीत किंवा तत्सम स्पर्धेत भाग घेणे अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर चालते. पण मानधनावर कार्यक्रम करणारा संच हौशी ठरत नाही. आंतरराष्ट्रीय ओळख असलेल्या संचांसाठी पी-१बी हा वर्ग आहे. त्याची अर्जप्रक्रिया अमेरिकेतला आयोजक किंवा एजंट करतो, तुम्ही करू शकत नाही. त्यात तिथल्या कामगार संघटनेचे सल्लापत्र लागते. कळीची अट अशी : संच किमान एक वर्ष जुना हवा आणि ७५ टक्के सदस्य किमान एक वर्षापासून संचात हवेत. तुमच्या २४ मध्ये हे १८ जण झाले. म्हणजे नवे चेहरे जास्तीत जास्त सहा. ऑडिशन व्हिडिओनंतर कुणी लग्न, नोकरी, परीक्षा म्हणून गळले आणि त्यांच्या जागी सात-आठ नवी मुले घेतली, तर अर्ज तिथेच अडकतो. म्हणून आजपासून तारखेसह हजेरीपट, कार्यक्रमांची पत्रके, करार आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे सदस्यवार फाइलमध्ये लावा. ध्वनितंत्रज्ञ, प्रशिक्षक अशा साहाय्यकांचा अर्ज वेगळा असतो. त्यांना नर्तकांच्या यादीत घुसवू नका. अर्ज मंजूर झाला तरी प्रत्येकाने व्हिसासाठी स्वतंत्र अर्ज करायचा असतो. मुलाखतीत 'फिरायला जातोय' असे एकाने जरी सांगितले तरी त्याचे आणि संचाचेही नुकसान होते.

ब्रिटनचे आमंत्रण असते तर गोष्ट सोपी होती. तिथल्या पाहुण्यांच्या व्हिसावर कलाकाराला स्पर्धेत किंवा ऑडिशनमध्ये भाग घेण्याची स्पष्ट मुभा आहे.

अल्पवयीन मुले असतील तर दोन्ही पालकांची नोटरीकृत संमती काढून ठेवा. कॅलिफोर्नियात चित्रीकरण असेल तर मुलांना मनोरंजन क्षेत्रातला काम-परवाना लागतो आणि कमाईतले १५ टक्के मुलाच्या नावच्या राखीव खात्यात ठेवावे लागतात. खाते कोण उघडणार, हेही आधीच विचारा.

सामान. चौकटी, पोशाख, दिव्यांचे सूट हे सगळे नेऊन परत आणायचे असते. त्यासाठी एटीए कार्ने हा सीमाशुल्काचा दस्तऐवज काढतात. भारतात तो फिक्की ही संस्था देते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. यादीतली प्रत्येक वस्तू परत आली पाहिजे. एक मोडकी शिडी तिकडेच टाकून दिली तरी तिच्यावरचे शुल्क मागितले जाऊ शकते. वापरून संपणाऱ्या वस्तू, म्हणजे पावडर, कागदी तुकडे, धुराचे द्रावण, या यादीत घालू नका. त्या तिथेच घ्या.

लिथियम बॅटऱ्यांवर बहुतेक संच अडकतात. सुट्या बॅटऱ्या फक्त हातातल्या सामानात न्यायच्या, चेक-इनमध्ये कधीच नाही. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणले की वॉट-अवर मिळतात. ११.१ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी ५५.५ वॉट-अवरची, ती चालते. २२.२ व्होल्टची तेवढ्याच क्षमतेची १११ वॉट-अवरची होते. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते आणि १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही.

वीज. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. फोनचे चार्जर दोन्हीकडे चालतात. २३० व्होल्टचे धुराचे यंत्र नुसत्या पिन-अ‍ॅडॉप्टरवर लावले, तर त्याच्या हीटरला मूळ शक्तीच्या पाव भागाच्या आसपासच शक्ती मिळते, आणि तालमीत ते तापतच नाही. ते भाड्याने तिथेच मागा. वायरलेस मायक्रोफोन नेणार असाल तर त्याचा वारंवारतेचा पट्टा तपासा. अमेरिकेत ६१७ ते ६५२ आणि ६६३ ते ६९८ मेगाहर्ट्झमध्ये तो वापरायला २०२० पासून मनाई आहे.

ध्वनी आणि पडद्यावरचा व्हिडिओ. ट्रॅक ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचा (सेकंदाला ४८ हजार ध्वनिनमुने), डब्ल्यूएव्ही स्वरूपात द्या. ४४.१ चा ट्रॅक चुकून ४८ समजून वाजवला गेला तर तो जवळपास ९ टक्के जलद धावतो आणि सूर जवळपास दीड अर्धस्वराने (सेमिटोनने) चढतो. मानवी मनोऱ्याच्या वेळी हे थेट धोक्याचे आहे. मागचा व्हिडिओ सेकंदाला २५ चौकटींचा (फ्रेम्सचा) असेल तर तिथल्या २९.९७ च्या यंत्रणेत तो अडखळत दिसतो. मूळ प्रोजेक्टमधूनच २९.९७ ला पुन्हा रेंडर करा. तयार फाइल बदलून हा दोष जात नाही.

आणि गाणे. ज्या गाण्यावर तुमचा ॲक्ट बसवला आहे त्याचे हक्क त्या वाहिनीला मिळतीलच असे नाही. त्याच लयीची आणखी दोन गाणी तयार ठेवा आणि दर महिन्याला एक तालीम त्यांच्यावर घ्या. ऐन आठवड्यात गाणे बदलले की अंगात मुरलेल्या खुणा हरवतात. पकडणाऱ्याचा हात अर्ध्या मात्रेने उशिरा येतो आणि माणूस खाली येतो. मंचाची लांबी, रुंदी, छताची उंची आणि गादीची जाडी मागवून घ्या, तालमीच्या जागेत तेवढीच चौकट टेपने आखा, आणि चार मिनिटांचा ॲक्ट ९० सेकंदांचा करून पाहा. तो करताना काय गळाले, ते परीक्षकांच्या आधी तुम्हाला कळायला हवे.

प्रश्न : जिंकलो तर दहा लाख डॉलर एकदम मिळतात का?

उत्तर : 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'चे दहा लाख डॉलर ४० वर्षांच्या वार्षिक हप्त्यांत मिळतात, किंवा त्यांचे आजचे मूल्य एकरकमी घेता येते, आणि ते बरेच कमी असते. हप्ता वर्षाला २५,००० डॉलर. २४ जणांत वाटला तर प्रत्येकी सुमारे १,०४० डॉलर. अनिवासी विजेत्याच्या बक्षिसातून अमेरिकेत सर्वसाधारणपणे ३० टक्के कर कापतात, म्हणजे हाती साधारण ७३०. दोन देशांतल्या करारानुसार दर बदलू शकतो. भारतात राहणाऱ्याला हे उत्पन्न इथल्या विवरणपत्रातही दाखवावे लागते आणि तिथे भरलेल्या कराची वजावट मागता येते, त्यासाठी कर कापल्याचा दाखला जपून ठेवावा.

वाटणीचा कागद जाण्यापूर्वी करा. संच सोडून गेलेल्याचा हिस्सा, जखमी सदस्याचा हिस्सा, प्रशिक्षकाचा हिस्सा, सगळे त्यात हवे. ४० वर्षे पैसे येणार असतील तर संच म्हणजे कोण, हे कायद्याच्या भाषेत ठरलेले असावे.

प्रश्न : माझी मुलगी दुसऱ्या देशातल्या शोमध्ये तिथल्याच भाषेत गाऊ इच्छिते. भाषा तिला येत नाही. हे खोटेपणाचे वाटेल का?

उत्तर : नीट केले तर मुळीच नाही. २०१३ मध्ये जेनिफर ग्राउट ही अमेरिकन तरुणी 'अरब्स गॉट टॅलेंट'मध्ये ऊद हे अरबी तंतुवाद्य घेऊन बसली आणि इजिप्तची ख्यातनाम गायिका उम्म कुलसूमचे गाणे गायली. तिला अरबी बोलता येत नव्हते. परीक्षक चकित झाले आणि ती अंतिम फेरीपर्यंत गेली. अरबी संगीताचे स्वर, त्यातल्या पाव स्वरांच्या जागांसकट, तिने मेहनतीने गळ्यावर चढवले होते. तेच तिचे पारपत्र ठरले.

रीत अशी : आधी शब्दार्थ, ओळ न ओळ. मग ती भाषा बोलणाऱ्या माणसाकडून गाणे नुसते बोलून घ्या, गाऊन नव्हे, आणि ते ध्वनिमुद्रण ७० टक्के वेगाने ऐकत देवनागरीत स्वतःच्या खुणांनी उतरवा. आपल्या लिपीत नसलेल्या ध्वनींना वेगळी खूण द्या. तसे केले नाही तर मेंदू त्यांना जवळच्या मराठी ध्वनीत ढकलतो आणि चूक पक्की बसते. दोन आठवडे फक्त बोलणे, त्यानंतर चाल. शेवटी त्या भाषेच्या माणसाला डोळे मिटून ऐकायला सांगा आणि जिथे शब्द कळला नाही तिथे हात वर करायला सांगा. गाण्यानंतर परीक्षक प्रश्न विचारतात, त्यासाठी दुभाषा आधीच मागून ठेवा. तिथे भांबावलेला चेहरा प्रेक्षक भाषेचे अज्ञान म्हणून घेत नाहीत, अनास्था म्हणून घेतात.

प्रश्न : परदेशातून आपल्या स्पर्धकाला मत देता येते का?

उत्तर : सहसा नाही. फोन आणि ॲपचे मतदान शोच्या देशापुरते बांधलेले असते. परदेशी स्पर्धकाला त्यामुळे गावची, नात्याची, राज्याची मते मिळत नाहीत. त्याला सुरुवातच शून्यापासून करावी लागते. स्थानिकांवर अन्याय होतो म्हणणाऱ्यांनी ही बाजूही मोजावी.

प्रश्न : आमची संस्था दूरचित्रवाणीसाठी एक राष्ट्रीय स्पर्धा आखत आहे. परदेशी स्पर्धकांबाबत नियम कसा लिहावा, म्हणजे नंतर भांडण होणार नाही?

उत्तर : पहिल्या ऑडिशनच्या जाहिरातीसोबतच नियम छापा आणि अंतिम फेरीपर्यंत त्यात काना-मात्रा बदलू नका. वाद बहुतेक वेळा नियम मधेच वाकवल्यामुळे होतात.

जन्मस्थानाची अट घालू नका. वास्तव्याची घाला, आणि ती मोजता येईल अशी : मागच्या ३६ महिन्यांपैकी किमान २४ महिने देशात राहिलेला, तो स्थानिक गटात. बाकी सगळे खुल्या गटात. संचासाठी दोन तृतीयांश सदस्य या अटीत बसले पाहिजेत. २४ जणांत १६. 'बहुसंख्य' असा मोघम शब्द लिहिला की १३ जणांवर वाद सुरू होतो.

उपांत्य फेरीच्या जागांपैकी निम्म्याहून अधिक स्थानिक गटासाठी राखा, पण अंतिम फेरीत राखीव काहीच ठेवू नका. तिथे कला तेवढी मोजावी. होतकरूंना दारातून आत येण्याची हमी मिळते आणि विजेत्याच्या ट्रॉफीवर सवलतीचा डाग लागत नाही.

प्रत्येक ॲक्टच्या आधी पडद्यावर चार ओळी दाखवा : देश, किती वर्षे व्यावसायिक काम, याआधी जिंकलेल्या मोठ्या स्पर्धा, आणि 'ऑडिशनमधून' की 'आमंत्रित'. चौथी ओळ गाळण्याचा मोह निर्मात्याला होईल. ती गाळू देऊ नका. मतांची मोजणी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडे द्या, एका क्रमांकावरून किती मते चालतील ते लिहा आणि टक्केवारी निकालानंतर प्रसिद्ध करा.

स्पर्धा लोकसंगीत किंवा पारंपरिक कलेची असेल, तर पात्रता त्या कलेवरच ठेवा : तालीम कुणाकडे, किती वर्षे झाली, आणि परीक्षकांसमोर न ठरवलेल्या रचनेवर प्रात्यक्षिक. परदेशातून येऊन दहा वर्षे गुरूकडे बसलेला शिष्य तिथे अपात्र ठरत असेल, तर नियम चुकला असे समजा आणि अर्ज मागवण्याआधी तो पुन्हा लिहा.